चिपळूणचे घर त्याच जागी पुन्हा बांधावे का? पुढच्या तीस वर्षांचा पाऊस कसा गृहीत धरावा?

काठावरचा

चिपळूणला वाशिष्ठीपासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने चिऱ्याचे घर आहे. आजोबांनी ते बांधले तेव्हा जोते कमरेइतके उंच घेतले होते आणि त्यामागे नदीचा अनुभव होता. श्रावणात एखाद्या उधाणाला पाणी अंगणात येई, फार तर पहिल्या पायरीला लागे आणि ओहोटी लागली की निघून जाई. २६ जुलै २००५ रोजी ते पहिल्यांदा माजघरात शिरले. वडिलांनी पाणी ओसरल्यावर भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवीत राहिले, कारण एवढे पाणी आपल्या हयातीत पुन्हा येणार नाही अशी त्यांची खात्री होती. २२ जुलै २०२१ च्या पहाटे ती रेघ पाण्याखाली गेली. आईवडील शिडीने पोटमाळ्यावर चढले आणि दिवसभर कौले सरकवून केलेल्या फटीतून बाहेर बघत बसले. खाली फ्रीज तरंगत जाऊन दाराला आडवा अडकला होता, त्यामुळे पाणी उतरल्यावरही दार आतून उघडेना. वीतभर गाळ काढायला आम्हाला आठ दिवस लागले. भिंतींचा ओलसर वास मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेला नाही.

आता धाकट्या भावाचे म्हणणे आहे की, घर पाडून कर्ज काढून त्याच जागी नवे बांधावे. त्यापूर्वी मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली, जे झाले ते हवामानबदलाने झाले की नदीत साचलेल्या गाळाने? गावात या दोन मतांचे दोन गट आहेत आणि दोघे एकमेकांचे ऐकत नाहीत. दुसरी, कर्जाची मुदत तीस वर्षे धरली तर त्या तीस वर्षांत पाऊस कसा असेल, याचा काही भरवशाचा अंदाज मिळतो का? तिसरी, भाऊ म्हणतो की हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता, तो येऊन गेला, आता आपली पिढी सुटली. हे बरोबर आहे का?

जुना निरीक्षक

तुमच्या भावाच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तीसेक वर्षे पर्जन्यमापकाच्या नोंदी घेण्यात आणि तपासण्यात घालवल्यावर हे एक वाक्य मला सर्वांत धोकादायक वाटू लागले आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे पुराने पाळी लावलेली नसते. त्याचा अर्थ इतकाच की, दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते आणि मागच्या वर्षी तो आला होता की नाही याच्याशी यंदाच्या पावसाला काही देणेघेणे नसते. हा हिशेब तीस वर्षांचा केला तर असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. आपल्याकडे जलसंपदा विभाग नदीकाठी ज्या पूररेषा आखतो, त्यांतील लाल रेषा याच शंभर वर्षांच्या पुराची असते; निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि तिच्या आत घर असेल तर तीस वर्षांत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता ७१ टक्क्यांवर जाते. बँकेने कर्जाच्या कागदावर हा आकडा छापला तर निम्मे लोक सही करण्याआधी थांबतील, असे मला नेहमी वाटते.

हा सर्व हिशेब हवामान बदलत नाही असे मानून केलेला आहे आणि खरी अडचण तिथे आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठतापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने वाढले आहे, म्हणजे सह्याद्रीवर आदळणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याच्या पखालीत पाणीही अधिक असते. शिवाय बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तिने ढग आणखी उंच चढतो आणि आजूबाजूचे बाष्प खेचून घेतो. त्यामुळे काही तासांच्या मुसळधार पावसात वाढ कधी कधी त्या ७ टक्क्यांहूनही जास्त दिसते.

मात्र एकूण मोसमी पाऊस त्या प्रमाणात वाढलेला नाही, आणि हे अनेकांना पटत नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्याच सुमारास, म्हणजे १९५० ते २०१५ मध्ये, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे दाखवून दिले आणि त्याचे कारण त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या वाढत्या चढउतारांत शोधले. वारा बरेच दिवस मंद राहतो, समुद्रावर बाष्प साचत जाते आणि मग ते एका लोंढ्याने जमिनीवर येते. आमच्या भाषेत सांगायचे तर वहीतील महिन्याची बेरीज साधारण पूर्वीसारखीच दिसते, पण कोरड्या रकान्यांची संख्या वाढते आणि एखाद्या रकान्यात तीन आकडी संख्या येऊन बसते. २३ जुलै २०२१ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला हवामान खाते अत्यंत मुसळधार म्हणते. हा त्याच्या जवळजवळ तिप्पट होता.

पंचगंगा घाट

वरील विज्ञानाबद्दल माझा वाद नाही, पण कोल्हापूरकर म्हणून एक आक्षेप नोंदवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदीने ५५ फूट ओलांडले. त्यानंतर आमच्याकडे दोन सोयीची उत्तरे तयार झाली. एक, सगळा दोष कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा. आणि दुसरे, सगळा दोष हवामानबदलाचा. दोन्हींत समान धागा हा की, दोष गावाबाहेरचा आहे. नदीच्या पसरण्याच्या जागेत भराव टाकून कोणी इमारती उभ्या केल्या, त्यांना परवानग्या कोणी दिल्या, महामार्गाच्या भरावाला पाणी जायला मोऱ्या किती ठेवल्या, हे प्रश्न मग कोणाला विचारावे लागत नाहीत. पूर्वी अधिकारी ‘दैवी कोप’ म्हणत, आता ‘हवामानबदल’ म्हणतात; शब्द बदलला, हात झटकण्याची रीत तीच राहिली.

चिपळूणच्या बाबतीतही हेच विचारावे लागेल. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवून पोफळीला वीज तयार केल्यापासून वर्षाकाठी ६७.५ टीएमसीपर्यंतचे (अब्ज घनफूट) अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेले पाणी, वाशिष्ठीत उतरू शकते, म्हणजे ही नदी स्वतःच्या खोऱ्याबाहेरचे पाणीही वाहते. वरच्या डोंगरांवरची झाडे तुटली की माती खाली येते आणि पात्रात बेटे तयार होतात. त्या बेटांवर झाडे वाढलेली मी स्वतः पुलावरून पाहिली आहेत. अशा नदीला पूर येण्यासाठी जगाचे तापमान वाढण्याची गरज नव्हती.

काठावरचा

आमच्याकडे गाळ काढण्याचे काम २०२१ नंतर सुरू झाले, त्यासाठी लोकांना बरेच दिवस उपोषणाला बसावे लागले. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवलेला मी पाहिला आहे. पावसाळ्यात त्याचे काय होणार, हे कोणीही सांगू शकेल. आपल्या दोघांचेही म्हणणे पटते, पण माझा पहिला प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट आणखी गुंतागुंतीचा होतो. दोन्ही कारणे खरी असतील तर त्यांतले मोठे कोणते? शिवाय २२ जुलैला पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली होती, म्हणजे खाडीला उधाणाची भरती होती. पावसाचा जोर आणि भरती एकाच वेळी आली की खाडीकडच्या गोवळकोटच्या बाजूने पाणी उतरायला वाटच राहत नाही. मग हे तिसरे कारण मानायचे का?

आकडेमोड

‘मोठे कारण कोणते’ हा प्रश्न मांडण्याच्या पद्धतीतच चूक आहे, असे मला वाटते. एक साधे गणित पाहा. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा, डोंगरावर १०० एकक पाणी पडले आणि नदीचे पात्र काठ न ओलांडता त्यांतले ८० एकक वाहून नेऊ शकते. उरलेले २० एकक गावात शिरते. आता पाऊस १० टक्क्यांनी वाढून ११० झाला. जमीन आधीच चिंब झालेली असते, पात्र तुडुंब असते, त्यामुळे वाढलेले सर्व १० एकक काठाबाहेरच जातात. गावात ३० एकक पाणी येते, म्हणजे पाऊस १० टक्क्यांनी वाढला पण गावातील पाणी दीडपट झाले. आता त्याच नदीत गाळ साचून पात्राची क्षमता ८० वरून ७० वर आली असेल, तर ११० मधून ७० वजा होऊन ४० एकक पाणी आत येईल, मूळच्या दुप्पट. उधाणाच्या भरतीने खालचा दरवाजा चार तास बंद ठेवला तर क्षमता तेवढ्या वेळापुरती आणखी घटेल.

येथे पाऊस आणि गाळ एकमेकांचे पर्याय नाहीत. एकाने वरून ढकलले आणि दुसऱ्याने खालून अडवले. ‘केवळ १० टक्के वाढ’ ऐकून जे हसतात त्यांनी ही वजाबाकी एकदा कागदावर करून पाहावी. आणि पंचगंगा घाट यांचा मुद्दा याच गणिताने अधिक धारदार होतो: पाऊस वाढतो आहे हे माहीत असताना पात्र अरुंद होऊ देणे ही पूर्वीपेक्षा मोठी चूक ठरते.

एखाद्या घटनेत हवामानबदलाचा वाटा किती, हे आता मोजताही येते. मोजण्याची रीत अशी की, आजच्या तापलेल्या हवामानात तसा पाऊस किती वेळा पडू शकतो हे नोंदी आणि संगणकावरची हवामानाची प्रतिमाने यांच्या साहाय्याने काढतात, मग माणसाने तापवलेले नसते असे हवामान प्रतिमानात उभे करून तिथे तोच पाऊस किती वेळा पडतो हे पाहतात, आणि दोन्हींची तुलना करतात. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, त्याआधीच्या एका दिवसाच्या पावसाबद्दल अशाच अभ्यासात निष्कर्ष निघाला की तापमानवाढीमुळे तो सुमारे १० टक्क्यांनी अधिक जोराचा झाला होता. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधील भारत-पाकिस्तानातील उष्णतेच्या लाटेची शक्यता मात्र सुमारे ३० पटींनी वाढली होती. उष्णतेच्या बाबतीत उत्तर इतके ठळक येते आणि पावसाच्या बाबतीत सौम्य, कारण पाऊस फार लहान जागेत बदलतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३. अशा लहरी गोष्टीचा कल काढायचा तर अनेक दशकांच्या दाट नोंदी लागतात.

बालाघाटचा शेतकरी

लहान जागेच्या मुद्द्यावर दोन शब्द, जरी आमचा प्रदेश कोकणापासून फार लांब असला तरी. आमच्याकडे अतिवृष्टी झाली की नाही हे महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर ठरते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले तर अतिवृष्टी, नाही तर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि तिच्या उपनद्यांनी सोलापूर-धाराशिवकडे जे केले ते सर्वांनी पाहिले. त्याआधीच्या एका वर्षी मात्र माझ्या बांधावरच्या प्लास्टिकच्या मापकात काठोकाठ पाणी होते, सोयाबीन गुडघाभर पाण्यात होते आणि मंडळाच्या केंद्रावर आकडा ६५ च्या खाली राहिला, कारण ते केंद्र टेकडीच्या पलीकडे आहे. पंचनाम्याला आलेल्या माणसाचाही दोष नव्हता, त्याच्या कागदावर पाऊसच झाला नव्हता. मोजणीचे जाळे आणि नियमातील उंबरठे जुन्या रिमझिम पावसाच्या हिशेबाने बसवलेले आहेत. आजचा पाऊस ठिगळासारखा पडतो. हा धागा सुरू करणाऱ्या ‘काठावरचा’ यांना सुचवावेसे वाटते की, घराच्या अंगणात स्वतःचा मापक ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला वाचावा. तीनशे-चारशे रुपयांत मिळतो.

ऱ्हाइनकाठ

मी मूळचा दापोलीचा, सध्या जर्मनीत राहतो. चिपळूण बुडाले त्याच्या आठ दिवस आधी, १४ जुलै २०२१ च्या रात्री, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचे आर नदीचे खोरे वाहून गेले. मधल्या काळात, २० जुलैला, चीनमध्ये झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. एका जुलैतले हे तीन प्रसंग एकाच कारणाने घडले असे मी म्हणणार नाही, कारण तिन्ही ठिकाणची हवामानाची यंत्रणा वेगळी आहे. पण आरच्या खोऱ्यातून तुमच्या घरासाठी शिकण्यासारखे बरेच आहे.

आर ही एरवी गुडघाभर पाण्याची नदी, दोन्ही बाजूंना उभ्या कड्यांवर द्राक्षांचे मळे. आल्टेनार गावच्या मापकावर तोवरची सर्वोच्च नोंद २०१६ ची होती, ३.७१ मीटर. २०२१ च्या रात्री मापकच वाहून गेला आणि पाणी सुमारे दहा मीटरपर्यंत चढल्याचे नंतर खुणांवरून काढावे लागले. १३० हून अधिक माणसे त्या एका खोऱ्यात गेली. पूर इतका चढण्याचे एक कारण पूल होते: वरून आलेले ओंडके, मोटारी आणि कॅरव्हॅन कमानींत अडकून त्यांची धरणे झाली आणि ती एकामागून एक फुटत गेली. आणि खरी चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. या नदीला १८०४ आणि १९१० मध्येही भयंकर पूर आले होते आणि त्यांच्या नोंदी गावच्या दप्तरात होत्या. पण पूरनकाशे आखताना मापकाच्या नोंदींचा आधार घेतला गेला आणि त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या होत्या. म्हणजे नकाशातील ‘शंभर वर्षांचा पूर’ सत्तर-पंचाहत्तर शांत वर्षांवरून काढलेला होता. तुमच्या वडिलांनी भिंतीवर ओढलेली रेघ ही अशा नकाशांपेक्षा मोलाची नोंद आहे. घर पाडले तरी ती मापून ठेवा.

इशाऱ्याबद्दलही सांगतो. जोराचा पाऊस येणार हे येथे आदल्या दिवसांपासून माहीत होते. पण ‘मिलिमीटर’ ऐकून कोणाला आपल्या दाराशी किती पाणी येईल याची कल्पना येत नाही. लोक तळघरातील सामान वर आणायला खाली उतरले आणि तिथेच अडकले. या पावसाचा जो अभ्यास झाला त्यात तापमानवाढीने त्याची शक्यता १.२ ते ९ पटींनी वाढल्याचे आढळले. पल्ला केवढा मोठा आहे पाहा. तरीही खालचे टोक एकाहून अधिक आहे, हे महत्त्वाचे.

आणि आता तेथे काय चालले आहे? बहुतांश घरे पुन्हा त्याच जागी उभी राहिली. विमा आणि सरकारी मदत मिळाली ती मुख्यतः होते तसे बांधण्यासाठी. माणसाला आपली जागा सुटत नाही, मग ती आर असो वा वाशिष्ठी. म्हणून ‘तेथून उठा’ असा सल्ला मी देणार नाही.

काठावरचा

आभार. माझा दुसरा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. पुढच्या तीस वर्षांचे काय? वाचायला गेलो की एका ठिकाणी दीड अंश, दुसरीकडे चार अंश. इतक्या वेगवेगळ्या भविष्यांतून घर बांधणाऱ्याने कोणते निवडायचे?

आकडेमोड

ती भविष्यवाणी नाही, म्हणून आकडे वेगवेगळे दिसतात. माणसांनी अमुक केले तर तमुक होईल, अशा त्या वाटा आहेत. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालात पाच वाटा घेतल्या आहेत. शतकाअखेर जगाचे तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सर्वांत संयमी वाटेवर सुमारे १.४ अंशांनी, मधल्या वाटेवर २.७ आणि कोळसा-तेल बेफाम जाळण्याच्या वाटेवर ४.४ अंशांनी वाढलेले असेल. चालू धोरणे पाहता आपण अडीच ते तीनच्या आसपास चाललो आहोत. २०२४ हे एक वर्ष दीड अंशाच्या वर गेलेच आहे, जरी दीर्घकालीन सरासरी अजून त्या रेषेखाली आहे.

घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, या वाटा सुरुवातीची वीसेक वर्षे एकमेकींना जवळजवळ चिकटून चालतात. हवेत आधीच जमलेला कार्बन आणि समुद्रात मुरलेली उष्णता आपले काम करीतच राहणार. वाटा ठळकपणे फुटतात त्या २०४० च्या पुढे. याचा अर्थ तुमच्या कर्जाच्या पहिल्या दोन-तृतीयांश काळाचे हवामान बहुतांशी ठरून गेलेले आहे आणि त्यासाठी कोणते भविष्य निवडायचे ही चिंताच नको. कर्ज फिटल्यानंतर त्या घरात जे राहतील त्यांच्यासाठी मात्र कोणती वाट धरली यावर फार अवलंबून आहे.

आता आकडे. पूर्वी दहा वर्षांतून एकदा पडणारा मोठा पाऊस जगाच्या जमिनीवर सरासरीने एक अंश वाढीला १.३ पट वेळा पडू लागला; दीड अंशाला तो १.५ पट, दोन अंशांना १.७ पट आणि चार अंशांना २.७ पट वेळा पडेल, आणि प्रत्येक वेळी तो अधिक जोराचाही असेल: दोन अंशांना सुमारे १४ टक्के, चार अंशांना ३० टक्के. हे जगाचे आकडे आहेत. सह्याद्रीच्या उतारावर ते तसेच्या तसे लावू नयेत, पण दिशा घ्यायला हरकत नाही. समजा, या सर्वांमुळे तुमच्या नदीचा शंभर वर्षांचा पूर पन्नास वर्षांचा झाला, तर तीस वर्षांतील शक्यता २६ वरून ४५ टक्क्यांवर जाते. छापाकाट्याच्या जवळ. शिवाय समुद्रपातळी: ती या शतकाअखेर संयमी वाटेवर साधारण २८ ते ५५ सेंटिमीटरने आणि बेफाम वाटेवर ६३ सेंटिमीटर ते एक मीटरने वर असेल, आणि तिच्याबरोबर तुमच्या खाडीची उधाणाची भरतीही तेवढी वरून सुरू होईल. नदीला उतरायला मिळणारा ओहोटीचा वेळ त्यामुळे आखडेल.

म्हणून माझे मत असे की, २०२१ च्या पाण्याला अपवाद मानू नये, तळरेषा मानावे. त्याच जागी बांधायचे तर खालचा मजला खांबांवर मोकळा सोडावा, तेथे भिंती, मीटर, मोटर, धान्य काहीही नको. राहत्या मजल्याची जमीन २०२१ च्या पाण्याच्या वर असावी आणि गच्चीवर आतूनच जाणारा जिना असावा. कौलांतून बघत बसण्याची पाळी पुन्हा नको. निळ्या रेषेच्या आत जागा येत असेल तर नव्या बांधकामाला परवानगी मिळण्याचाच प्रश्न आहे, तेव्हा आराखड्यावर पैसे घालवण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

पंचगंगा घाट

खांबांवर घर ठीक, पण एक भर घालतो. आमच्या शाहूपुरीत असे खालचे मोकळे मजले दोन वर्षांत शटर लावून गाळे झाले. भाडे सुटत नाही. तुम्ही तसे करू नका आणि शेजाऱ्याने भराव टाकून अंगण उंच केले तर तेव्हाच बोला, कारण त्याचे पाणी तुमच्याकडेच येणार आहे.

काठावरचा

शनिवारी चिपळूणला जाऊन आलो. भाऊ आधी कुरकुरला, पण टेप धरायला तोच उभा राहिला. जोत्यापासून २००५ ची रेघ ३ फूट १० इंचांवर आहे. २०२१ ची रेघ कोणी ओढलीच नव्हती. वडील म्हणाले, दोनदा कशाला तीच थट्टा. पोटमाळ्याच्या तुळईवर गाळाचा फिकट पट्टा अजून दिसतो, तो धरला तर ८ फूट २ इंच भरतात. सोळा वर्षांतील फरक ४ फूट ४ इंच. पूररेषेच्या नकाशासाठी अर्ज दिला आहे. मापकही घेतला आणि वडिलांना वाचायला शिकवला. पहिल्या सकाळी त्यांनी सात वाजताच फोन करून आकडा सांगितला. साडेआठपर्यंत थांबायचे असते, हे त्यांना अजून पटलेले नाही.

जुना निरीक्षक

त्यांना सांगा, मी पहिल्या वर्षी सहालाच वाचत असे. तुळईवरचा पट्टा पुसला जाण्याआधी तेथे तेलरंगाने रेघ ओढून तारीख लिहा आणि दोन्ही उंची घराच्या जोत्याबरोबरच पुलाच्या कठड्यापासूनही मोजून ठेवा. जोते पाडले जाईल, पूल राहील. आराखडा करणाऱ्याला ८ फूट २ इंच सांगू नका, १० फूट सांगा.